भुई थोपटताना

८ नोव्हेंबर, शनिवार

ही डायरी भीमराजने दिली. खताच्या कंपनीची आहे आणि मागच्या वर्षीची, म्हणून वार जुळत नाहीत. मी खोडून नवे लिहितो. देताना तो म्हणाला, "जमिनीतून आवाज आला की तारीख लिही अन् वेळ लिही. बस्स. तुला पाल्हाळ लावायची सवय हाय, तेवढं करू नको."

भीमराज आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. लहानपणी आम्ही त्याच शाळेत एका पट्टीवर बसायचो. तो पुढे शिकत गेला, मी दहावी करून देवळात आणि शेतात राहिलो. पन्नाशी आली तरी तो मला गृहपाठ देतो.

तर नोंद. काल दुपारी मोठा आवाज झाला. ट्रकभर दगड कुणी एकदम ओतावेत तसा, फक्त वरून नाही, खालून. पत्रे थरथरले. शेजारच्या नर्मदाबाईंच्या फळीवरची भांडी खाली आली. वेळ पाहिली नाही. मी म्हशीचं दावं धरून उभा होतो आणि म्हैस माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच काही केलं.

भीमराजला ही नोंद चालणार नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

हे आवाज आमच्या भागात नवे नाहीत. काही वर्षांपासून अधूनमधून येतात. पण दिवाळीनंतर वाढले. थंडी सुरू झाली तरी निम्मं गाव अंगणात झोपतं.

आज देवळाच्या पारावर माणसं जमली. आमचं देऊळ खडकेश्वर महादेवाचं. लहानसंच आहे, एका काळ्या उघड्या खडकावर उभं आहे. मी तिथला गुरव. पूजा आणि पहाटेचा नगारा आमच्या घराकडे आहे.

पुंजाजीकाका म्हणाले, "देव कोपला. दुसरं काय असणार?"

भीमराज म्हणाला, "मग काका, देव शेजारच्या हट्टा गावावर काहून कोपत न्हाई? त्यांनी असं कोणतं पुण्य केलं?"

"त्यांच्याकडं मास्तर कमी हाईत," काका म्हणाले. सगळे हसले. भीमराजच जास्त हसला.

ठरलं ते असं की अभिषेक करायचा आणि वसमतला तहसीलमध्ये अर्जही द्यायचा. भीमराज मला हळूच म्हणाला, "अभिषेक कर तू मनापासून. पण झाल्यावर घराच्या भिंतीची भेगही बघ." मी म्हणालो, दोन्ही करतो. आणि केलं. भेग करंगळी जाईल एवढी आहे, माझ्या मंजूच्या आईच्या फोटोमागे. फोटो हलवला तेव्हा दिसली. फोटो परत तिथेच लावला.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंजूचा फोन आला. रविवारी येतो. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, म्हैस किती देते. मी सगळ्याला हो म्हणतो आणि फोन संपतो. ठेवल्यावर आठवतं की अमुक सांगायचं राहिलं.

मंजुषा माझी एकुलती लेक. हैदराबादला एका मोठ्या संस्थेत संशोधन करते. खडकाच्या आत पाणी कसं फिरतं त्याचं तिचं काम आहे, असं तिने एकदा समजावून सांगितलं होतं. मी लोकांना सांगतो, पाण्याच्या ऑफिसात आहे.

लहानपणी ती देवळामागच्या त्या खडकावरच वाढली. मी पूजा करायचो आणि ती तिथे पालथी पडून खडकाला कान लावायची. म्हणायची, बाबा, आत कुणीतरी आहे. मी म्हणायचो, आहेच.

तिची आई गेल्याला तीन वर्षं झाली. किडनीचा आजार होता, नांदेडला दवाखान्यात गेली. तेव्हापासून मंजू देवळाच्या पायरीपर्यंत येते, आत येत नाही. मी दर्शन घेऊन येईपर्यंत माझ्या चपलांजवळ उभी राहते. मी तिला कधी काही म्हटलं नाही. म्हणावं तरी काय? पण पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाठ करून घंटा वाजवणं फार जड जातं.

तिला आवाजांबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे बाबा." पेपरात आलं असेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हैदराबादहून यंत्र आलं. बरोबर योगेश नावाचा तिशीचा माणूस आणि दोन मजूर. योगेश लातूरकडचा, मराठी बोलतो, मला काका म्हणतो. जीपमधून उतरला आणि सरळ देवळामागे गेला. खडकावर हातोडीने टकटक केलं आणि खूश झाला.

मी विचारलं, "तुमाला कसं कळलं इथं खडक हाय म्हणून? रस्त्यावरून तर दिसत न्हाई."

"मला कुठं माहीत, काका! ऑफिसातून लिहूनच आलं. देवळाच्या मागं, बेलाच्या उजवीकडं, उघडा खडक. यंत्र बसवायला असलाच खडक लागतो."

आजकाल उपग्रहावरून सगळं दिसतं म्हणतात. बेलाचं झाडही दिसतं, हे मात्र मला नवल वाटलं.

खडकात खड्डा केला, आत डबा बसवला, वर झाकण, बाजूला जाळी. एका खांबावर सोलरची पाटी आणि अँटेना. खाली जरा काही हललं की ते हैदराबादला जातं म्हणे, त्याच क्षणी. पुंजाजीकाकांनी नारळ फोडायचा आग्रह धरला. योगेशने फोडू दिला, पण म्हणाला, "जरा लांब फोडा." तोवर काकांनी खडकावरच आपटला होता. योगेश लॅपटॉपकडे बघून म्हणाला, "घ्या. पहिला भूकंप तुमचा, काका."

माझी एकच अडचण: यंत्र बरोबर त्या जागी बसलं जिथे मी रोज बसतो.

इथे लिहून ठेवतो, कारण हे आता मलाच माहीत आहे. पहाटे नगारा वाजवण्याआधी आमच्या घरचा माणूस देवळामागे जातो, खडकाजवळ वाकतो आणि उजव्या तळव्याने तीन वेळा भुई थोपटतो. वडिलांनी शिकवलं. म्हणायचे, खाली भुई झोपलेली असते, आपण एवढा मोठा आवाज करून तिला उठवणार, मग आधी थोपटावं. लेकराला उठवताना थोपटतो तसं. घाईत थोपटायचं नाही.

मंजूला मी तसंच उठवायचो. पाठीवर तीनदा. नाही उठली तर परत तीनदा.

आता जाळीच्या बाहेर बसून थोपटतो. हातभर अंतर पडलं, एवढंच.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज हसून हसून पुरेवाट झाली. मार्गशीर्षातला गुरुवार. नर्मदाबाईंनी चार बायका घेऊन यंत्राला हळदीकुंकू वाहिलं, जाळीतून हात घालून झाकणावर दूधपाणी सोडलं आणि पाच प्रदक्षिणा घातल्या. तासाभरात मला योगेशचा फोन.

"काका, तिथं म्हशी शिरल्या का काय?"

मी बघून आलो आणि खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "काका, पाया पडतो, पाणी नका सोडू देऊ. लाखो रुपयांचं यंत्र हाय."

नर्मदाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आरं, जो भुईचं ऐकतो त्याला कुंकू नको? अन् तो पोरगा उपाशीतापाशी तिकडं बसून ऐकून राहिला. त्याच्यासाठी पण मागितलं मी."

भीमराजला वाटलं मी चिडलो असेन, की बायकांनी महादेव सोडून यंत्र धरलं. मला काही वाटलं नाही. भुई काय बोलते हे कुणीतरी बसून ऐकतंय, हे मला पूजेसारखंच वाटतं. भीमराज म्हणाला, "फरक हाय. पूजेत उत्तर आधीच ठरलेलं असतं." मी त्यावर दिवसभर विचार केला. मंजूची आई दवाखान्यात होती तेव्हा मी रोज पूजा केली. उत्तर ठरलेलं नव्हतं. हे त्याला सांगायला हवं होतं, पण तोवर तो घरी गेला होता.

६ डिसेंबर, शनिवार

काल ताप होता. पहाटे उठायला गेलो तर भोवळ आली. नगारा झाला नाही. पूजाही उशिरा, पुतण्याने केली.

उजाडलं नव्हतं तोच मंजूचा फोन. शुक्रवार, आणि एवढ्या सकाळी. "बाबा, बरे आहात ना?"

मी म्हणालो, थोडी कणकण आहे. तिने मला दवाखान्यात पाठवलंच. तिथे पोचलो का ते विचारायला फोन, औषध घेतलं का ते विचारायला फोन. एका दिवसात ती एवढं कधी बोलली नव्हती. तापच बरा वाटायला लागला.

मी विचारलं, तुला आज काहून फोन करावा वाटला? ती म्हणाली, "असंच. वाटलं."

महादेवा, तू आहेस. मी काही मागितलं नव्हतं, तरी तिच्या मनात घातलंस.

७ डिसेंबर, रविवार

बरं वाटलं. नगारा वाजवला. आज तिचा फोन नेहमीसारखा. जेवलात का. गोळी घेतली का. म्हैस.

१८ डिसेंबर, गुरुवार

काल तूर कापताना विळा निसटून उजव्या तळव्यात घुसला. जवळा बाजारच्या दवाखान्यात टाके घालून आलो. कुणाला सांगितलं नाही. मंजूला तर नाहीच, उगाच तिला घोर.

आज पहाटे डाव्या हाताने थोपटलं. नीट जमलं नाही, फार हळू झालं. नगाराही एका हाताने, एकाच टिपरीने. ओढल्यासारखा वाजला.

घरी येऊन चूल पेटवतो तोच फोन. "बाबा, हाताला काय झालंय?"

मी घाबरलो. म्हणालो, "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"विचारलं असंच. उजवा आहे ना?"

दुपारी भीमराज शाळेतून आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. म्हणालो, सांग आता, हे तुझ्या विज्ञानात कुठं बसतं? आई गेली, पण आईचं जे होतं ते लेकीत उतरलं. माझ्या हाताला लागलं तर तिकडे तिला कळतं.

आम्ही पारावर बसलो होतो. भीमराजने माझा बांधलेला हात बघितला, मग मागे खांबावरच्या अँटेनाकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं आता वाद घालणार. तो म्हणाला, "व्हय बाबा. सगळ्याच तारा काही डोळ्याला दिसत न्हाईत." आणि चष्मा पुसत बसला.

त्याने एवढ्या लवकर हार मानलेली मी पहिल्यांदा पाहिली.

क्षणभर माझ्याही मनात काही आलं. पण तिचं काम पाण्याचं आहे, आणि त्या संस्थेत हजार माणसं असतील.

२ जानेवारी, शुक्रवार

योगेश आला. बॅटरी बदलली, चहा घेतला, तरी निघेना. शेवटी म्हणाला, "काका, एक अडचण हाय. तुमच्या तोंडावर सांगायला जीभ वळत न्हाई."

अडचण नगाऱ्याची. पहाटे गाव शांत असतं, तेव्हाच खालचे बारीक धक्के नीट ऐकू येतात. त्याच वेळेला माझा नगारा. यंत्रात सगळं गढूळ होतं. खडकावरची माझी ये-जाही त्यात उमटते. "तीन-चार महिने थांबलात तर खाली नेमकं काय चाललंय ते कळंल. मी वर सांगितलं होतं एकदा, पण तिथं मॅडम म्हणाल्या, राहू दे, आपण बघू. त्यांनी किती दिवस सांभाळून घ्यायचं? आता मोठे साहेब विचारून राहिले."

मी म्हणालो, पिढ्यान् पिढ्या वाजतोय.

तो म्हणाला, "माहीत हाय, काका. आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी जन्मायचा होतो. आजोबा सांगायचे, वरीसभर आधी जमिनीतून आवाज येऊन राहिले होते. लोकांनी अभिषेक केले, सगळं केलं. पण ऐकायला तिथं कुणी बसलं न्हाई. आमच्या घरातली सात माणसं गेली. मी याच कामात काहून आलो, ते तुमाला सांगितलं."

मी त्याला जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला.

४ जानेवारी, रविवार

पारावर खूप वाद झाले. पुंजाजीकाका म्हणाले, "आज नगारा बंद म्हणतील, उद्या घंटा. यंत्रासाठी देव गप्प बसवायचा?" त्यांचे डोळे भरले होते. लहानपणापासून ते या आवाजाने उठतात. घड्याळ त्यांना कधी लागलं नाही. कुणी म्हणालं, यंत्रच उचलून न्यायला लावा. कुणी म्हणालं, सोमेश्वरचं काय, त्याची लेक तिकडंच नोकरीला, तो त्यांच्याच बाजूनं बोलणार.

ते मला लागलं. मी काहीच बोललो नव्हतो.

भीमराज माझ्याबरोबर घरापर्यंत आला. मला वाटलं तो म्हणेल, बंद कर. तो म्हणाला, "मी न्हाई सांगणार. माझ्याकडं देव न्हाई, पण तुझा नगारा ऐकून मीही उठतो, लहानपणापासून. शाळेतली लेकरं त्या जुन्या दगडी खोलीत बसतात, तेवढंच माझ्या डोक्यात असतं. ठरव तू."

मंजूला विचारावं वाटलं. रविवार होता, फोनही आला. पण विचारलं नाही. ती शास्त्राचंच सांगणार. आणि तिने सांगितलं असतं तर ते तिच्यावर आलं असतं.

६ जानेवारी, मंगळवार

आज पूजा झाल्यावर गाभाऱ्यात बसून राहिलो. मनात असं आलं: मी नगारा वाजवतो तो कशासाठी? देवाला उठवायला. देव माझ्या नगाऱ्याची वाट बघत झोपलेला असतो का? नाही. तो मलाच उठवायला आहे. मग मी जागा आहे, गावही जागं आहे, झोप कुणाला येते आता? भुई काही सांगतेय आणि आपण तिच्यावर बडवतोय. आधी थोपटायचं शिकवणाऱ्या माणसाला हे पटलं असतं, असं वाटतं.

नगाऱ्यावर कापड घातलं. पुंजाजीकाकांच्या घरी जाऊन पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

खडकाकडेही जायचं नाही ठरवलं. करायचं तर पूर्ण.

७ जानेवारी, बुधवार

पहाटे उठलो. तोंड धुतलं. देवळात गेलो, दिवा लावला. मग हात काय करायचे कळेना. ते आपोआप उचलले जात होते. शेवटी मांडीखाली धरून बसलो.

गावात एक कुत्रं भुंकलं. पुंजाजीकाकांच्या घरात खोकल्याचा आवाज आला. त्यांनाही उठल्याशिवाय राहवलं नसणार.

घरी आलो. फोन वाजला. "बाबा?" एवढंच. मी म्हणालो, "बोल." ती म्हणाली, "बरे आहात ना?"

"बरा हाय. ठणठणीत."

"मग आज…"

"नगारा बंद केला, बाई. तुमच्याकडच्याच माणसानं सांगितलं. त्याचं बरोबर हाय."

खूप वेळ नुसता तिच्या श्वासाचा आवाज. मग म्हणाली, "हो. बरोबरच आहे ते." फोनवर नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. मला कळेना, नगारा बंद झाला तर तिला काहून वाईट वाटावं. ती तर देवळात पाऊलही ठेवत नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

तिळाच्या वड्या नर्मदाबाईंनी दिल्या. मंजूच्या आईच्या फोटोपुढे ठेवल्या. दोन खाल्ल्या. बाकीच्या डब्यात ठेवल्या, मंजू आली तर. तिने येते असं म्हटलेलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

योगेश सांगतो, आता स्वच्छ दिसतंय. फार खोल नाही, असं त्यांना वाटतं. पण नक्की काही म्हणत नाही. "ऐकून राहिलोय, काका," एवढंच म्हणतो. मला त्याचं हेच आवडतं, माहीत नसेल तर नाही म्हणतो. जुनी दगडी खोली शाळेने बंद केली, मुलं बाहेर लिंबाखाली बसतात. भीमराज त्यांना शिकवताना मधेच थांबून जमिनीकडे बघतो.

यंत्राला रोज सगळं ऐकू जातं आणि मला काहीच नाही. मंजूचा फोन आता रविवारीसुद्धा लहान झाला. मी विचारलं, काम फार आहे का? म्हणाली, "नाही. सकाळी लवकर जाग येते, मग दिवस मोठा होतो." मी म्हणालो, मलाही तसंच होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

मंजू म्हणाली, शिवरात्रीला येते. मी दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आली. वसमतहून जीपने आली, मी फाट्यावर जाऊन उभा होतो. वाळली आहे. घरात आल्यावर आईच्या फोटोपुढे उभी राहिली, मग फोटो बाजूला करून भेग बघितली. "किती दिवसांची आहे?" मला हसू आलं. भीमराजचीच विद्यार्थिनी.

मग हात धरून माझा तळवा उघडला. टाक्याच्या खुणेवरून अंगठा फिरवला. "नीट मिटतोय का हात?" मी मिटून दाखवला.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

सगळा तालुका औंढ्याच्या नागनाथाला लोटतो, तरी आमच्या खडकेश्वरालाही रांग होती. मंजू पायरीपर्यंत आली. मी वळून बघितलं. ती चपलांजवळ उभी. मी आत गेलो.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा ती दिसेना. देवळामागे जाऊन बघितलं तर जाळीजवळ खडकावर मांडी घालून बसली होती. योगेशचा फोन आला होता तिला. काहीतरी आकडे बोलत होती. ठेवल्यावर मी विचारलं, "हा योगेश तुझ्या ओळखीचा? तुला मॅडम काहून म्हणतो?"

"तो सगळ्यांनाच म्हणतो," ती म्हणाली.

मीही बसलो. बेलाची पानं वाऱ्याने हलत होती. मग मी तीन वर्षांत न विचारलेलं विचारलं. "मंजू, आत येववत न्हाई का तुला?"

ती खडकाकडे बघत म्हणाली, "देव नाही असं मी म्हणत नाही, बाबा. मला माहीत नाही. आई आजारी होती तेव्हा मी फार मागितलं होतं. आता आत आले की तेच आठवतं. मागायला तोंड उघडत नाही आणि न मागता उभं राहायला जमत नाही."

"न मागताही उभं राहता येतं," मी म्हणालो. "मी राहतो."

"तुम्हाला जमतं."

मी जवळ सरकलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती लहानपणी जशी ताठ व्हायची तशी आधी ताठ झाली, मग सैल पडली.

जरा वेळाने म्हणाली, "नगारा अजून दोन-तीन महिने नको. योगेशचं खरं आहे. पण थोपटलंत तर चालतं. जाळीच्या बाहेर, तुम्ही बसायचात तिथेच. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तेवढं ओळखून बाजूला काढता येतं."

"पण खाली ऐकू जातं का ते? एवढंसं?"

"जातं."

"माझं मन राखायला म्हणू नको."

"बाबा, मी शास्त्र शिकले आहे. जातं म्हणजे जातं. रोज जात होतं. तुम्ही डाव्या हाताने थोपटलंत तेही गेलं." तिचे डोळे भरले. "बंद केलंत तेव्हा फार शांत झालं हो."

मी तिच्याकडे बघत राहिलो. माझी लेक, एवढी शिकलेली, देवळामागे बसून मला सांगत होती की खाली ऐकणारं कुणीतरी आहे, रोज ऐकतं, उजवा हात आणि डावा हात यातला फरकसुद्धा त्याला कळतो. मी हे आयुष्यभर मानत आलो, पण माझ्याकडे कधी पुरावा नव्हता. तिने शपथेवर सांगावं तसं सांगितलं. महादेवा, ती पायरीवरच राहिली, पण बोलली ते आतलंच बोलली.

भीमराजला सांगितलं. म्हणालो, बघ, माझं पोरगं परत आलं श्रद्धेवर. त्याने माझा खांदा दाबला आणि म्हणाला, "आता परत थोपट, सोमेश्वरा. चुकवू नको."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ती काल दुपारच्या गाडीने गेली. संक्रांतीच्या वड्या बरोबर दिल्या; कडक झाल्या होत्या, तरी नेल्या. घरात तिच्या ओल्या टॉवेलचा वास राहिला होता. तो वाळत घातला नाही मी, तसाच खुर्चीवर ठेवला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे अंधारातच खडकाकडे गेलो. नगारा नाही, तरी अंगात तीच घाई होती. जाळीच्या बाहेर बसलो. खडक गार होता. तळवा ठेवला आणि वडिलांनी शिकवलं तसं, सावकाश, तीनदा थोपटलं.

उठलो. पण पाय निघेना. परत बसलो. आजवर आमच्या घरात कुणी केलं नसेल ते केलं: आणखी एकदा थोपटलं. देवाला म्हणालो, ही चौथी तुझ्यासाठी नाही. ही मंजूच्या पाठीवर. ती उठली नसेल अजून. तुझं ऐकणं एवढं बारीक असेल तर ही तिकडे पोचव.

अंगणात पाय ठेवतो तोच फोन वाजला. मंजू होती. बोलत काहीच नव्हती. हसत होती की रडत होती कळेना, आमच्याकडे सकाळी रेंज धड नसते.

मी म्हणालो, "उठलीस का बाळा?"

"उठले," ती म्हणाली.